मोटारीचा भाव आणि तिची जागा

आमच्या शाळेंतील विद्यार्थ्यांस रस्त्यावरून जाणारी कोणतीहि मोटार दाखवावी, म्हणजे तिचें नांव, तिच्या एंजिनाची शक्ति व तिचा जास्तींत जास्त वेग हें सर्व ते एका दमांत सांगतात. परंतु त्याच मोटारीची किंमत अमुकच कां, दोन लाख कमी किंवा चार लाख अधिक कां नाहीं, असें विचारलें असतां बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें: माल तयार करावयास जो खर्च आला त्यांत नफा मिळविला, कीं झाली किंमत. नफातोट्याचीं उदाहरणें सोडवून सोडवून हें उत्तर मनांत बसलेलें असतें, आणि लहानसहान व्यवहारांपुरतें तें चुकीचेंहि नाहीं. मोटारीच्या धंद्यांत मात्र हिशेब पुष्कळदां उलट दिशेनें चालतो. तेथें किंमत आधीं ठरते आणि गाडी मागाहून तयार होते. हें कसें घडतें, आणि या हिशेबाची घडी विसकटली असतां काय होतें, हें जपानांतील निसान कंपनीच्या एका गाडीच्या चरित्रावरून आम्ही प्रस्तुत लेखांत सांगणार आहों. ही गाडी मोठ्या थाटानें आली, महाग होत होत बाजारांतून नाहींशी झाली, पुन्हां आली, जुनी झाली, आणि आणखी एकदां नवी होऊन आली. तिचें नांव झेड.

झेड ही स्पोर्ट्स मोटार आहे. या जातीची गाडी ही गरजेची वस्तु नव्हे. तींत बहुधा दोनच माणसांची जागा असते. सामान ठेवावयास जेमतेम एक कोपरा. मुलेंबाळें, वडील माणसें, बाजारहाट यांपैकीं कोणाच्याच ती फारशी उपयोगाची नाहीं. ती चालविण्यांत आनंद आहे एवढ्याचसाठीं लोक ती घेतात. यास्तव तिच्या भावाचें गणित फार नाजूक असतें. तांदूळ महागले तरी घरांत तांदूळ येतातच. पण हौसेची वस्तु थोडी महागली तर गिऱ्हाईक कुरकुर करतें, आणि फार महागली तर तें म्हणतें, 'एवढे पैसे मोजावयाचेच आहेत, तर मग जर्मन गाडीच कां घेऊं नये?' या एका प्रश्नांत आमच्या लेखाचा बहुतेक विषय आला. प्रत्येक भावापाशीं कोणी ना कोणी आधींच येऊन बसलेला असतो. गाडीचा भाव ठरविणें म्हणजे तिला कोणाच्या पंक्तीस बसवावयाचें तें ठरविणें होय.

पहिल्या झेडला जी जागा मिळाली ती शोधून काढण्याचें श्रेय मुख्यतः युताका काटायामा (१९०९–२०१५) या गृहस्थांस दिलें जातें. निसाननें त्यांस १९६० सालीं अमेरिकेस पाठविलें. कंपनीच्या गाड्या त्या वेळीं तेथें डॅटसन या नांवानें विकल्या जात, आणि जपानी गाडी म्हणजे लहान, स्वस्त व कामापुरती, अशी तेथील लोकांची समजूत होती. स्पोर्ट्स मोटारींच्या बाजारांत खालच्या पायरीवर इंग्लंडांतील एम. जी. सारख्या गाड्या होत्या. त्या दिसावयास देखण्या, परंतु त्यांची घडण जुनी झालेली. वरच्या पायरीवर जग्वार ई-टाइप, शेव्हरोले कॉर्व्हेट आणि पोर्श ९११ होत्या. १९७० च्या सुमारास पहिल्या दोहोंस पांच हजार डॉलरांहून अधिक व पोर्शला सहा हजारांहून अधिक मोजावे लागत. मधल्या पायरीवर दमदार व भरंवशाची अशी गाडी जवळजवळ नव्हतीच. शाळेंतला शिक्षक, नुकताच नोकरीस लागलेला इंजिनियर, अशा साध्या पगाराच्या माणसास परवडेल आणि तरीहि ज्याला त्याला वळून पाहावेंसें वाटेल अशी गाडी या जागेवर आणून बसवावी, हा काटायामांचा ध्यास होता.

१९६९ च्या अखेरीस ती गाडी अमेरिकेंत जाहीर झाली. तिचें एंजिन सहा सिलिंडरांचें, २.४ लिटरचें, म्हणजे वरच्या पायरीला शोभणारें. किंमत मात्र ३,५२६ डॉलर, म्हणजे खालच्या पायरीला लागून. जपानांत तिला 'फेअरलेडी झेड' म्हणत. एका गाजलेल्या इंग्रजी संगीत नाटकावरून हें नांव निघालें होतें. अमेरिकन तरुण असल्या नाजूक नांवाच्या गाडीकडे फिरकणार नाहीं हें काटायामा यांनीं ओळखलें, आणि बंदरावर उतरलेल्या गाड्यांवरील तीं अक्षरें काढून तेथें '२४०-झेड' एवढींच अक्षरें बसविलीं. आमच्या मतें ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. भाव, रूप, शक्ति आणि नांव हीं चारहि एकाच गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभीं असलीं पाहिजेत. त्यांतील एकानें जरी तोंड फिरविलें तरी बाकीच्या तिहींची मेहनत फुकट जाते.

मागणी इतकी आली कीं कांहीं विक्रेते छापील किंमतीवर आणखी पैसे मागूं लागले, आणि वापरलेली गाडी नव्या गाडीच्या छापील किंमतीहून अधिक भावानें विकली जाऊं लागली. (आपल्याकडे स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणाऱ्या वडील पिढीस हा प्रकार समजावून सांगावयास नको.) चार वर्षांत एकट्या अमेरिकेंत दीड लाखाच्या आसपास २४०-झेड गाड्या खपल्या.

आतां येथें एक प्रश्न उभा राहतो. इतकें चांगलें एंजिन इतक्या थोड्या पैशांत देणें निसानला परवडलें कसें? जपानी कामगारांचें कौशल्य व काटकसर हें उत्तराचें एक अंग झालें. दुसरें अंग कारखान्यांत नव्हतें. तें सराफीच्या पेढीवर होतें. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका अमेरिकन डॉलराला ३६० येन असा हुंडणावळीचा दर बांधून ठेवलेला होता. येनचा भाव असा उतरता असल्यामुळें जपानांत येनमध्यें तयार झालेली वस्तु अमेरिकेंत डॉलरमध्यें स्वस्त पडे. १९७१ सालीं हा बांध फुटला, आणि पुढें सप्टेंबर १९८५ मध्यें न्यूयॉर्क येथील प्लाझा हॉटेलांत पांच राष्ट्रांच्या अर्थमंत्र्यांनीं डॉलराचा भाव खालीं आणण्याचें ठरविल्यावर येन झपाट्यानें महाग होऊं लागला. त्या करारापूर्वीं डॉलरास सुमारे २४० येन पडत. दोन-अडीच वर्षांत तो दर १२० च्या आसपास आला. १९९५ च्या एप्रिलांत तर तो क्षणभर ८० च्याहि खालीं गेला.

याचा अर्थ काय, तो विद्यार्थ्यांनीं पाटीवर मांडून पाहावा. समजा, जपानांतील कारखान्याला एका गाडीचे ३६ लाख येन मिळाले पाहिजेत. ३६० च्या दरानें ती गाडी अमेरिकेंत १०,००० डॉलरांना पडेल. २४० च्या दरानें १५,००० ना. १२० च्या दरानें ३०,००० ना. आणि ८० च्या दरानें ४५,००० डॉलरांना. गाडीचा एक खिळाहि बदललेला नाहीं, कोणाचा पगार वाढलेला नाहीं, कारखान्याचा नफा येनभरहि वाढलेला नाहीं. तरी गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें गाडी साडेचारपट महाग झाली! प्रत्यक्षांत कंपन्या नफा कमी करून, खर्च छाटून हा भार थोडाबहुत आपल्या अंगावर घेतात, म्हणून भाव इतक्या सरळ रेषेंत चढत नाहींत. पण पायाखालची वाळू सरकत होती ती अशी.

त्यांत निसाननें स्वतःच्या हातानेंहि भर घातली. प्रत्येक नवी झेड आधींच्या झेडहून मोठी, जड, ऐषआरामी व गुंतागुंतीची होत गेली. १९८९ सालीं आलेली ३००-झेडएक्स हें या वाटेवरचें शेवटचें स्टेशन म्हणावें लागेल. तिला दोन टर्बो, तीनशें अश्वशक्ति, आणि मागचीं चाकेंहि किंचित् वळविणारी यंत्ररचना होती. गाडी म्हणून ती अप्रतिम होती, याविषयीं जाणकारांत दुमत नाहीं. १९९० मध्यें दुहेरी टर्बोच्या या गाडीस सुमारे ३३ हजार डॉलर पडत. १९९६ पर्यंत ती चाळीस हजारांच्या बरीच पलीकडे गेली आणि साध्या कॉर्व्हेटहूनहि महाग झाली. ज्या साध्या पगाराच्या माणसासाठीं झेड जन्मास आली होती तो आतां तिच्याकडे दुकानाच्या कांचेंतून पाही व पुढें जाई. आणि ज्याच्या खिशांत तेवढे पैसे होते तो पोर्शच्या दुकानांत शिरे. जुनें गिऱ्हाईक सुटलें, नवें मिळालें नाहीं. १९९६ अखेर निसाननें अमेरिकेंत ही गाडी विकणें बंद केलें. जपानांत ती २००० पर्यंत कशीबशी चालली. तिच्या जातीच्या इतर जपानी गाड्यांचें नशीबहि निराळें नव्हतें. माझ्दाची आरएक्स-७ अमेरिकेंतून १९९५ त गेली, टोयोटाची सुप्रा १९९८ त गेली. एकाच रोगाची ही सांथ होती.

या मधल्या काळांतील एक मौजेची हकीगत सांगण्यासारखी आहे. १९९७ च्या सुमारास निसानच्या अमेरिकन शाखेनें जुन्या २४०-झेड गाड्या विकत घेऊन, त्यांचा सांधा न् सांधा खोलून, पुन्हां नव्यासारख्या करून विकण्याचा उपक्रम सुरू केला. किंमत ठेविली सुमारे २५ हजार डॉलर. काम इतकें खर्चाचें निघालें कीं चाळीस गाड्याहि झाल्या नाहींत आणि उपक्रम गुंडाळावा लागला. तथापि, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षें वयाच्या गाडीसाठीं कोणी पंचवीस हजार मोजावयास तयार आहे, एवढी गोष्ट मात्र त्यांतून सर्वांच्या नजरेस आली.

खुद्द कंपनीची स्थिति या वेळीं अत्यंत हलाखीची होती. डोक्यावर सुमारे दोन लाख कोटी येनचें कर्ज होतें. मार्च १९९९ मध्यें फ्रान्सच्या रेनो कंपनीनें निसानचा ३६.८ टक्के हिस्सा घेऊन तिला बुडण्यापासून वांचविलें, आणि कार्लोस गोन या अधिकाऱ्याची तेथें रवानगी केली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गोन यांनीं पुनरुज्जीवनाची योजना जाहीर केली. तींत पांच कारखाने बंद करावयाचे व एकवीस हजार नोकऱ्या कमी करावयाच्या होत्या. टोकियोच्या पश्चिमेस असलेला मुरायामा येथील प्रचंड कारखाना २००१ सालीं थांबला. जन्मभर एकाच कंपनीची चाकरी करावी अशी जेथें रीत, तेथें हा घाव केवढा बसला असेल, याची कल्पना कारखान्याच्या भोंग्यावर ज्या घरांचीं घड्याळें चालतात त्यांस सहज करतां येईल. किंमतीचा विषय निघाला म्हणजे आम्हीं त्याचा उल्लेख मुद्दाम करतों, कारण विद्यार्थ्यांस हा केवळ आंकड्यांचा खेळ वाटतो. भाव चुकला तर त्याची भरपाई शेवटीं कोणाच्या तरी जेवणाच्या डब्यांतून होते. निसानच्या दुर्दशेस झेड एकटी कारण नव्हती, हें उघड आहे. नको तितके कारखाने, नको तितके निरनिराळे सांटे आणि वर्षानुवर्षें चढलेलें कर्ज हीं मुख्य कारणें होतीं. पण ती ज्या रोगाला बळी पडली तो कंपनीच्या सर्व अंगांत भिनलेला होता: अभियंत्यांस जें करावेंसें वाटे तें आधीं करावयाचें, आणि तें कोण व कितीला घेईल हें मागाहून पाहावयाचें.

अशा कंपनीनें हौसेची गाडी पुन्हां काढावी हें प्रथम वेडेपणाचें वाटतें. गोन यांचा विचार निराळा होता. लोकांचा विश्वास उडालेल्या कंपनीनें आपण अजून जिवंत आहों हें दाखविण्यास झेडसारखें दुसरें चिन्ह नाहीं, असें त्यांनीं मानलें. मात्र एक अट होती: गाडीनें स्वतःचे पैसे स्वतः मिळविले पाहिजेत, आणि तिची किंमत अमेरिकेंत तीस हजार डॉलरांच्या आंत राहिली पाहिजे.

येथें आमचा उलटा हिशेब सुरू होतो. जपानी कारखान्यांत या पद्धतीस 'गेंका किकाकु' असें म्हणतात. उद्दिष्ट खर्च आधीं बांधून घेणें, असा त्याचा अर्थ करतां येईल. तिचें सूत्र शाळेंतील सूत्राच्या नेमकें उलट आहे. शाळेंत खर्च अधिक नफा बरोबर किंमत. येथें किंमत वजा नफा बरोबर खर्च. गिऱ्हाईक देईल तेवढी किंमत वरती मांडावी. तींतून विक्रेत्याचा वाटा, वाहतूक व कंपनीचा नफा वजा करावा. जें उरेल तेवढ्यांत गाडी झाली पाहिजे. मग ती बाकी एंजिन, सांगाडा, आसनें, दिवे अशी वांटून द्यावी, आणि प्रत्येक खात्याला सांगावें कीं, तुझ्या वांट्यास एवढेच पैसे आले आहेत. घरच्या लग्नाचा खर्च मंडपवाला, आचारी व सोनार यांत आधींच वांटून ठेवणाऱ्या शहाण्या गृहिणीची हीच रीत असते.

आलेल्या वांट्यांत गाडी बसवावयाची तर कांहीं वस्तु दुसऱ्या गाड्यांशीं वांटून घेणें भाग होतें. जपानांत स्कायलाइन आणि अमेरिकेंत इन्फिनिटी या नांवानें विकली जाणारी चार दारांची गाडी निसान त्याच सुमारास नव्यानें काढीत होती. तिचा मूळ सांगाडा थोडा आंखूड करून झेडला दिला. साडेतीन लिटरचें, सहा सिलिंडरांचें एंजिनहि असेंच निरनिराळ्या गाड्यांत जात असे. त्याची शक्ति झेडसाठीं २८७ अश्वशक्तीपर्यंत वाढविली. दोन्ही टर्बो गेले, मागचीं चाकें वळविणारें यंत्र गेलें. सांगाडा व एंजिन वर्षाला हजारों गाड्यांत जात असल्यामुळें त्यांच्या ठशांचा व हत्यारांचा खर्च सर्वांवर वांटला गेला. जें गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस दिसतें तें मात्र वांटून घेतलें नाहीं. बाहेरचें रूप, दोनच आसनें, जुन्या झेडप्रमाणें वेगदर्शकाशेजारीं मांडलेले तीन लहान कांटे, हें सर्व तिचें एकटीचें होतें. काटकसर कोठें केली तें शोधावयाचें असेल तर आंत बसून हातानें चांचपावें. तिच्या आंतील प्लास्टिकच्या हलकेपणाबद्दल परीक्षकांनीं वेळोवेळीं नाकें मुरडलीं आहेत. आम्हांस तें नाक मुरडणें रास्त वाटतें, पण ज्यानें ती काटकसर तेथें करावयाची ठरविली तो गिऱ्हाइकास चांगला ओळखत होता असेंहि वाटतें. मोटार चालवावयास आलेला तरुण कप्प्याच्या झांकणावर बोटें वाजवून पाहत नाहीं.

२००२ च्या ऑगस्टांत ३५०-झेड अमेरिकेंत आली. सर्वांत साध्या गाडीची छापील किंमत २६,२६९ डॉलर होती, आणि सर्व साजांसह ती चौतीस हजारांच्या घरांत जाई. त्या वेळीं होंडाची एस-२००० बत्तीस हजारांच्या पुढें होती, पोर्श बॉक्स्टर चाळीस हजारांच्या पुढें. म्हणजे १९६९ सालची ती मधली पायरी पुन्हां हातीं आली. २००३ या पूर्ण वर्षांत अमेरिकेंत छत्तीस हजारांहून अधिक झेड विकल्या गेल्या. जी गाडी सहा वर्षांपूर्वीं महाग म्हणून कोणी घेईना, तिच्याच नांवाची गाडी आतां रांगेनें खपत होती.

२००८ अखेर तिच्या जागीं ३७०-झेड आली. तिची किंमत ३० हजार डॉलरांच्या किंचित् आंत ठेवलेली होती, आणि ती गाडी म्हणून वाईट नव्हती. पण पुढें एक तपभर तिच्यांत फारसा बदलच झाला नाहीं. जवळपासचे शेजारी नवे झाले, ती तेथेंच राहिली. किंमत न वाढवितांहि गाडी आपल्या जागेवरून खालीं घसरूं शकते, याचें हें उदाहरण. ही गाडी २०१० च्या सुमारास हिंदुस्थानांतहि आयात होऊन आली, आणि येथें आमच्या विषयाचें एक निराळेंच अंग दिसलें. तयार मोटारींवरील जबर जकातीमुळें तिचा भाव येथें पन्नास लाख रुपयांच्या पलीकडे गेला. त्या रकमेंत जर्मन कंपन्यांच्या मोठाल्या गाड्या दारांत उभ्या राहत. जी अमेरिकेंत नोकरदाराची हौस, ती मुंबईंत श्रीमंताच्या चौथ्या-पांचव्या गाडीच्या पंक्तीस जाऊन बसली. गाडी तीच, जागा पार बदललेली.

आतां आपण शेवटच्या पुनर्जन्माकडे वळूं. या वेळीं झेडला एक जुनी सोबतीण पुन्हां भेटली. टोयोटाची सुप्रा २०१९ सालीं परत आली होती. स्वतंत्र स्पोर्ट्स मोटार एकट्यानें तयार करणें परवडणार नाहीं, असें टोयोटास दिसून आल्यावर तिनें जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीशीं भागी केली. एंजिन व सांगाडा बी.एम.डब्ल्यू.चा, जोडणी ऑस्ट्रियांत ग्राट्झ येथें, आणि त्याच सांगाड्यावरील बी.एम.डब्ल्यू. झेड-४ ही तिची जुळी बहीण. अमेरिकेंत किंमत ४९,९९० डॉलर. पन्नास हजारांस दहा डॉलर कमी कां, हें चप्पलच्या दुकानांतील ९९९ रुपयांची पाटी वाचणाऱ्या मुलांस सांगणें नलगे. 'सुप्रा म्हणून घेतली आणि आंत निघाली बी.एम.डब्ल्यू.' असा टोमणा टोयोटाच्या जुन्या भक्तांनीं मारला, तो अगदींच निराधार नव्हता. परंतु दुसरा पर्याय सुप्रा न काढणें हाच होता, हें टोमणा मारणारे विसरत. २०२० सालीं टोयोटानें लहान एंजिनाची, चार सिलिंडरांची, २५५ अश्वशक्तीची सुप्रा ४२,९९० डॉलरांस आणून खालीं एक पायरी बांधली.

नेमकी हीच पायरी निसाननें हेरली. २०२२ सालीं आलेल्या नव्या झेडची किंमत ३९,९९० डॉलर होती, आणि शक्ति ४०० अश्वशक्ति. सुप्राच्या धाकट्या बहिणीहून स्वस्त, थोरल्या बहिणीहून बलवान्. हें साधावयास निसाननें परक्याचें एंजिन घेतलें नाहीं. आपल्याच इन्फिनिटी गाडींतील तीन लिटरचें, दुहेरी टर्बोचें एंजिन घेतलें, आणि ३७०-झेडचा जुना सांगाडा सुधारून पुन्हां वापरला. हातानें बदलावयाचे सहा गिअर त्याच किंमतींत दिले. सुप्राला आरंभीं तसे गिअर मुळींच मिळत नव्हते. आणि या गाड्यांच्या शौकिनांस स्वतः गिअर बदलण्यांत किती सुख वाटतें, तें ज्यांचें त्यांनाच ठाऊक.

या किंमतींचें खरें वजन पाहावयाचें तर सर्वांस एकाच तागडींत घातलें पाहिजे, कारण डॉलराची खरेदीशक्ति दरसाल घटत असते. अमेरिकन सरकारच्या महागाई-निर्देशांकावरून आम्हीं हिशेब केला, तो असा: २४०-झेडचे ३,५२६ डॉलर म्हणजे २०२२ चे सुमारे साडेसव्वीस हजार, १९९० च्या ३००-झेडएक्सचे ३३ हजार म्हणजे सुमारे चौऱ्याहत्तर हजार, २००२ च्या ३५०-झेडचे २६,२६९ म्हणजे सुमारे पावणेत्रेचाळीस हजार. तेव्हां २०२२ ची झेड छापील किंमतीच्या दृष्टीनें ३५०-झेडहूनहि किंचित् स्वस्त होती, आणि ३००-झेडएक्सच्या निम्म्याला किंचितच अधिक. सुप्राचेंहि तसेंच. १९९३ ची टर्बो सुप्रा चाळीस हजारांच्या आसपास होती. २०१९ च्या डॉलरांत ते सत्तर हजार होतात, आणि नवी सुप्रा पन्नासांत आली. दोन्ही कंपन्यांनीं पुनर्जन्म देतांना मरणकाळची किंमत टाकली व जन्मकाळच्या किंमतीच्या जवळ जाण्याचा यत्न केला.

परंतु छापील किंमत आणि हातीं पडलेली किंमत यांत अंतर असतें. अमेरिकेंत विक्रेते स्वतंत्र व्यापारी असतात, आणि शेवटचा भाव ठरविण्याचा हक्क कायद्यानें त्यांचा. २०२२ त इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा तुटवडा असल्यामुळें झेड थोड्याच तयार झाल्या. जपानांत तर आगाऊ मागणी इतकी झाली कीं कंपनीला नोंदणीच थांबवावी लागली. अमेरिकेंतील कित्येक विक्रेत्यांनीं ही संधि साधून पाटीवरील किंमतीवर हजारों डॉलर चढविले. चाळीस हजारांची म्हणून पाहावयास गेलेला गिऱ्हाईक पन्नास-साठ हजार ऐकून परत येई, आणि तेवढ्यांत थोरली सुप्रा किंवा कॉर्व्हेटहि येते हें त्याच्या ध्यानीं येई. कंपनीनें वर्षानुवर्षें खपून जी जागा मिळविली ती दुकानदारानें एका दुपारींत घालविली, असें आम्ही म्हटलें तर त्यांत फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. १९७० सालीं असा चढा भाव ही झेडची कीर्ति ठरली होती, कारण त्या पायरीवर दुसरें कोणी नव्हतें. २०२२ त शेजार दाटलेला होता.

शिवाय ती पायरीच आतां अरुंद झाली आहे. तरुण कुटुंबें उंच, चौकोनी, पांच माणसांच्या गाड्या घेऊं लागलीं आहेत. अमेरिकेंत २०२३ मध्यें झेड पावणेदोन हजारांच्या आसपास विकल्या गेल्या, २०२४ मध्यें तीन हजारांहून थोड्या अधिक. सुप्रा त्या वर्षीं अडीच हजारांच्या वर राहिली. २००३ च्या छत्तीस हजारांशीं ताडून पाहावें. २०२४ च्या नोव्हेंबरांत टोयोटानें या सुप्राची अखेरची आवृत्ति जाहीर केली: गाड्या तीनशें, शक्ति ४३५ अश्वशक्ति.

निसानवर मात्र पुन्हां जुनाच प्रसंग आला. मार्च २०२५ अखेरच्या वर्षांत तिला ६७० अब्ज येनहून अधिक तोटा झाला. मे महिन्यांत कंपनीनें जाहीर केलें कीं, वीस हजार नोकऱ्या कमी करावयाच्या व सतरा कारखान्यांचे दहा करावयाचे. सुंदर गाडीचा बिनचूक भाव एवढ्या मोठ्या कंपनीला तारूं शकत नाहीं, कारण तिच्या एकंदर व्यापारांत ती चिमूटभर असते. जुलैंत कारखान्यांचीं नांवें बाहेर आलीं. त्यांत योकोसुका येथील ओप्पामाचा कारखाना होता, आणि हिरात्सुका येथील, निसान शाताई या जोडकंपनीचा कारखानाहि होता. याच गांवीं त्या जोडकंपनीच्या हातून पूर्वीं २४०-झेड तयार होत असे. आजची झेड जेथें जोडली जाते त्या तोचिगीच्या कारखान्याचें नांव त्या यादींत नव्हतें.